घागर चषक, व्हाया चुकीची पूर्णा

मी चुकीच्या पूर्णेला उतरलो.

यात रेल्वेचा दोष नाही, नकाशाचा नाही आणि मला बोलावणाऱ्या माझ्या साडूंचाही नाही. दिगंबररावांनी मोबाइलवर स्वच्छ मराठीत लिहिलं होतं : 'रविवारी पूर्णेवर या. घागर सुरू होतेय.' परभणी जिल्ह्यात पूर्णा नावाचं गाव आहे, आणि पूर्णा नावाची नदीही आहे. साडूंना नदी म्हणायची होती. म्हणजे येलदरी, जिथं त्या नदीवर धरण आहे. मी गाव समजलो. दोन्हींमध्ये शंभरेक किलोमीटर अंतर आहे आणि गंमत म्हणजे वाटेत परभणी लागते, जिथं साडूंचं घर आहे. माझी गाडी परभणीला थांबली तेव्हा मी खिडकीतून फलाटावरची भजी न्याहाळत होतो. उतरलो नाही. साडूंना न सांगता थेट मैदानावर गाठून चकित करायचं होतं.

पूर्णा (गाव)

रेल्वेच्या मैदानावर गोलचे दोन खांब होते, एका खांबाला बांधलेली शेळी होती आणि कडुनिंबाखाली बाजेवर एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते. निवृत्त पॉइंट्समन. मी बॅग सावरत विचारलं, "मॅच किती वाजता?"

"कोणती?"

"घागरची."

"ती येलदरीला हाय. आमची पोरं पहाटंच जीपनी गेली की." त्यांनी माझ्या बॅगेकडं, मग बुटांकडं पाहिलं. "तुमी कुठून आलाव?"

"कोल्हापूरहून."

"आन् हितं कोण हाय तुमचं?"

"कुणीच नाही."

"मंग उतरलाव कशाला?"

त्यांनी शेळीला बाजूला करून मला बाजेवर जागा दिली आणि घरात चहा सांगितला. "हितं लोकं गाडी बदलायला उतरतेत," ते म्हणाले. "मॅच बघायला उतरलेला माणूस पहिल्यांदाच बघायलोय."

मी कोल्हापूरचा, हे मी त्यांना त्या अर्ध्या तासात तीनदा सांगितलं. कोल्हापूरकराला फुटबॉल शिकवावा लागत नाही, पेठेत जन्माला आला की तो येतो, असं आम्ही मानतो. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "चहा घ्या. परभणीची गाडी चुकंल. ती तरी चुकू देऊ नका."

परभणी

संध्याकाळी साडूंच्या दारात उभा राहिलो तेव्हा ते चकित झाले, पण मला हवे होते तसे नाही.

दिगंबरराव हायस्कुलातून निवृत्त झालेले शिक्षक आणि घागर स्पर्धेचे चिटणीस. जिल्ह्यातल्या वरच्या लीगमध्ये ज्यांना कुणी उभं करत नाही अशा आठ क्लबांची ही बाद फेरीची स्पर्धा. हरलात की घरी. चषक म्हणजे खरोखरची तांब्याची घागर. जिंकणारा संघ ती पूर्णेच्या पाण्यानं भरतो, दोन्ही संघ तिच्यातलं पाणी पितात, आणि मग वर्षभर ती जिंकणाऱ्यांच्या गावात राहते.

"आणि पेनल्टी शूटआउट नाही," साडू म्हणाले. "बरोबरी झाली की पुढल्या रविवारी पुन्हा मॅच."

"का?"

"पेनल्टीवर हारलं की सगळं गाव वर्षभर एकाच पोराला शिव्या देतंय. त्यापेक्षा पुन्हा खेळा म्हणलं."

हा नियम मला इतका माणुसकीचा वाटला की त्याला दुसरी बाजू असेल असं मनात आलं नाही. ती पुढं पालम गावात कळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू चपला घालत म्हणाले, "सुशीला झाली की निघू." मी उठून शर्टाची कॉलर नीट केली, केसांवरून हात फिरवला आणि दाराकडं तोंड करून उभा राहिलो. कुसुमताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आतून ताटली घेऊन आल्या. ताटलीत भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे, वर दाण्याचं कूट, कोथिंबीर.

"कोणाची वाट बघायलाव भाऊ?"

"सुशीलाबाईंची."

साडू पुन्हा चपला काढून खाली बसले. हसायला त्यांना बसावं लागतं. आमच्याकडं चुरमुऱ्यांचं भडंग करतात, कुरकुरीत आणि झणझणीत. ते भिजवून मऊ करणं मला तोपर्यंत त्यांचा अपमान वाटत आलं होतं. त्या सकाळी मी दोन ताटल्या सुशीला खाल्ली. महिनाभरात किती खाल्ली ते कुसुमताईंना विचारा.

येलदरी

पुढच्या रविवारी मात्र साडूंनी मला स्वतःच्या शेजारी एसटीत बसवलं, खिडकीकडं. जिंतूरला गाडी बदलायची होती, तेव्हा त्यांनी माझी बाही धरून ठेवली.

जिंतूरच्या बाजारात मी एक दस्ती घेतली. इकडं रुमालाला, टॉवेललाही दस्ती म्हणतात. माझी लालभडक होती. ती गळ्यात टाकल्यावर मी अगदी इथला दिसतो असं मला वाटलं. दुकानदार म्हणाला, "पाव्हणे, कुठले?"

येलदरीचं मैदान धरणाच्या वसाहतीजवळ आहे. एका बाजूला बांधाची लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला बाभळी, आणि हवेला पाण्याचा वास. मॅचआधी एका टपरीवर धरणातला मासा खाल्ला. तिखटमीठ चोळून तव्यावर टाकलेला, बरोबर ज्वारीची कडक भाकरी. आमच्या तांबड्या रश्श्याची बाजू मी आयुष्यभर लढवत आलोय, पण त्या टपरीवर मी गप्प बसून तिसरा तुकडा मागितला.

आमच्याकडं मॅच म्हणजे गोंगाट. इथले लोक बाभळीखाली गप्प बसून बघत होते, जसं काही कुणी निकाल वाचून दाखवतंय. बायकाही डबे घेऊन आल्या होत्या. मला वाटलं, यांना खेळ रुचत नसावा. तेवढ्यात पालम गावच्या संघानं गोल केला, आणि एका क्षणात शेकडो दस्त्या हवेत गेल्या. पांढऱ्या, पिवळ्या, चौकड्यांच्या. आवाज फारसा नाही, नुसतं फडफडणं. बगळ्यांचा थवा उठावा तसं. साडूंनी कोपर मारलं, "वर करा की तुमची!" मी केली. पालमनं त्या दिवशी तीन गोल केले. तिसऱ्याला माझी दस्ती साडूंच्या आधी वर गेली होती. हा हात मला पुढं नडणार होता.

पालमचा कप्तान भगवान हा गोलकीपर. उंच, बोलायला कमी. हातात मोजे नाहीत.

"मोजे नाही घालत?" मी मॅचनंतर विचारलं.

त्यानं तळवे पुढं केले. कोयत्यानं घट्टे पडून ते चामड्यासारखे झाले होते. "हेच हायेत की."

पालम

सेमीफायनल पालमला होती. भगवाननं आदल्या दिवशीच जेवायला बोलावलं, म्हणून एसटीनं गंगाखेडमार्गे गेलो. बसस्टँडसमोर त्याच्या आईचं भज्यांचं दुकान आहे. दुकानात मागच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीच्या बाजूला, एक सागवानी फळी ठोकलेली. फळीवर काही नाही. दुकानात बाकी सगळीकडं डबे, बरण्या, कांद्याच्या पिशव्या, पण फळी रिकामी.

"तिथं काही ठेवत का नाही?" मी विचारलं.

उत्तर भगवानच्या बायकोनं दिलं. सुनीता कढईसमोर बसली होती. "ती घागरीची हाय. तीन वरसं झाली ठोकून."

मग तिनं भजी तळता तळता सगळं सांगितलं. भगवान, ती आणि संघातली आणखी चार पोरं दरवर्षी ऊसतोडीला जातात. ट्रक एकदा निघाले की सहा महिने गाव नाही. गेल्या वर्षी पालम फायनलला पोचलं. एक-एक अशी बरोबरी झाली. नियमानं मॅच पुढच्या रविवारी पुन्हा. पण ट्रक आले बुधवारी. रविवारी पालमची सहाच पोरं मैदानावर उभी होती. घागर समोरच्या संघानं न खेळता नेली.

"हे तवा फडात होते," सुनीता म्हणाली. "ऊस तोडतानी कोयता मधीच थांबवायचे आन् म्हणायचे, आता मॅच सुरू झाली असंल. सहा महिने तोंड पाडून. ऐकावं कुणाला लागतंय? मला."

"मी ऐकवलं न्हाई," भगवान कोपऱ्यातून म्हणाला.

"न बोलताच ऐकवत व्हते, काका."

साडूंचा तो माणुसकीचा नियम मला आता वेगळा दिसला. या वर्षी समितीनं तारखा लवकर घेतल्या होत्या, तेवढा एक दिलासा होता.

मी वातावरण हलकं करायला पालमच्या पोरांना भज्यांच्या दुकानातच डावपेच शिकवले. कांद्याच्या फोडी मांडून कोल्हापुरी पासिंग दाखवलं. सुनीता बघत होती.

"काका, तुमी कोणत्या जागेवर खेळायचाव?"

"मी तालमीच्या संघात राखीव होतो."

"म्हंजे बसून."

पोरांनी कांद्याच्या फोडी खाऊन टाकल्या. दुसऱ्या दिवशी ती पोरं स्वतःच्या पद्धतीनं खेळली आणि दोन-एकनं जिंकली. मी दस्ती दोनदा वर केली. पालमच्या दुसऱ्या गोलला एवढी जोरात, की शेजारच्या आजोबांची टोपी उडाली.

पुन्हा येलदरी

त्यानंतरच्या आठवड्यात परतीचा पाऊस धो धो पडला. येलदरीच्या मैदानात घोट्याएवढं पाणी. फायनल एक रविवार पुढं गेली, आणि लवकर घेतलेल्या तारखांचा फायदा तिथंच वाहून गेला. ट्रक सोमवारी सकाळी पालमला लागणार होते. फायनल रविवारी. बरोबरी झाली की पुन्हा गेल्या वर्षीचंच.

साडू घागर घेऊन आदल्या दिवशीच येलदरीला गेले होते. मी पालमला जाऊन संघाच्या जीपमधून निघालो. साडेतीन तासांचा रस्ता. मागच्या सीटवर सुनीता होती. तिची पोती, भांडी, कोयते सगळं घरी बांधून तयार होतं. जिंतूरच्या पुढं ती एकदाच म्हणाली, "आज एकच काम हाय. बरोबरी करू नका. हारलाव तरी चालंल." भगवाननं मान हलवली. चालणार नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं.

समोर पूर्णेचा संघ होता. रेल्वेवाल्यांचा. होय, चुकीची पूर्णा. त्यांच्या कप्तानाचं नाव इरफान, बचाव फळीतला धिप्पाड माणूस. मला बघून हसला. "तुमीच ना ते काका? आमच्या मैदानावर शेळीसंगं मॅच बघितलेले?" बाजेवरच्या गृहस्थांनी गावभर सांगितलं होतं.

मॅच सुरू व्हायला दहा मिनिटं असताना कळलं की एका लाइन्समनची मोटारसायकल वाटेत बंद पडलीय, आणि त्याच्या डिकीत झेंडेही आहेत. पंच सोनटक्के सर, शाळेत खेळ शिकवणारे, कडक माणूस. साडूंनी माझ्याकडं बोट दाखवलं. इतक्या वर्षांत त्यांनी केलेली ही एकमेव चूक.

"ऑफसाइड कळतो का?" सरांनी विचारलं.

"मी कोल्हापूरचा आहे."

"ते विचारलं न्हाई."

"कळतो."

झेंडा नव्हता. सरांनी माझ्या गळ्यातली लाल दस्ती काढली, कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीला बांधली आणि माझ्या हातात दिली. दुसऱ्या बाजूच्या लाइन्समनला कुणाची तरी पिवळी मिळाली. "ऑफसाइड असला तरच वर," सर म्हणाले. "न्हाई तर खाली." मला हे सांगावं लागतं याचं त्या वेळी वाईट वाटलं होतं.

पहिल्या अर्ध्यात पूर्णेनं गोल केला. दुसऱ्या अर्ध्यात पालमनं फेडला. मग खेळ मधेच अडकून बसला. घड्याळ पुढं चाललं होतं आणि मी रेषेवरून धावत होतो. खोटं कशाला सांगू, मी चांगलं काम करत होतो. दोन ऑफसाइड अचूक पकडले. सरांनी एकदा मान हलवली, त्या मानेवर मी पुढची वीस मिनिटं धावलो.

आठ मिनिटं राहिली होती. सात. बाभळीखाली सगळे उठून उभे. पालमचा नामदेव, सुतळीसारखा बारीक पोरगा, उजवीकडून घुसला. माझ्या अगदी समोरून. मी नीट पाहिलं : पाय कुठं, बचावातले लोक कुठं, चेंडू कधी सुटला. आयुष्यात पहिल्यांदाच जे बघायचं तेच मी बघत होतो. ऑफसाइड नव्हता. चेंडू खांबाला घासून आत गेला.

शेकडो दस्त्या हवेत गेल्या. आणि त्यांच्याबरोबर माझीही.

पऱ्हाटीसकट.

सरांनी गोल द्यायला हात उचलला होता. त्यांची नजर माझ्याकडं वळली. हात खाली आला, शिट्टी वाजली आणि त्यांनी ऑफसाइड दिला. बाभळीखालच्या दस्त्या एकेक करून खाली आल्या. माझी अजून वरच होती. का वर आहे हे लक्षात यायला मला त्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

पलीकडच्या गोलमधून भगवान माझ्याकडं बघत होता. ओरडला नाही, धावून आला नाही. नुसता बघत होता. सुनीता म्हणाली होती ना, न बोलताच ऐकवतात. ते मी ऐकलं.

मी मैदानात पळत गेलो. असं पळत जायची लाइन्समनला परवानगी असते का, मला माहीत नाही.

"सर, ऑफसाइड नव्हता."

"मग झेंडा का वर केला?"

"आनंद झाला."

सोनटक्के सरांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. तोवर पूर्णेचा संघ भोवती जमला. त्यांचा एक खेळाडू ओरडला, "सर, हे काका पालमच्याच जीपमधनं उतरलेत! आमी बघितलंय!"

"खरं का?" सरांनी विचारलं.

"खरंय," मी म्हणालो. नाकारायला सोय नव्हती. जीप पाठीमागंच उभी होती.

आता माझ्या शब्दाला कसली किंमत? सर इरफानकडं वळले. "गोलच्या सगळ्यात जवळ तूच व्हतास. कुठं व्हतास?"

इरफाननं गुडघ्यावरची माती झटकली. तो बराच वेळ झटकत राहिला. चेंडू सुटला तेव्हा तो नामदेवच्या पुढं होता की मागं, एवढाच प्रश्न होता, आणि उत्तर फक्त त्याला आणि मला माहीत होतं. माझं कुणी धरणार नव्हतं.

"मी गोलच्या रेषेवर व्हतो, सर," तो म्हणाला. "ऑफसाइड न्हाई. आमच्या पोराची नजर व्हती झेंड्यावर, माझी बॉलवर व्हती. गोल हाय." त्याच्या संघातली दोघं त्याच्यावर खेकसली. त्यानं त्यांना हातानं गप्प केलं आणि माझ्याकडं बोट दाखवलं. "पण ह्यांच्या हातातली काडी काढून घ्या पहिलं."

सरांनी गोल दिला. मग खिशात हात घातला आणि मला लाल कार्ड दाखवलं. संपूर्ण स्पर्धेतलं ते एकच लाल कार्ड. बाद फेरीच्या स्पर्धेत बाद झालेला एकमेव लाइन्समन म्हणून मी मैदानाबाहेर चालत गेलो. माझी दस्ती पूर्णेच्या राखीव खेळाडूच्या हातात गेली. साडूंनी माझ्यासाठी जागा केली, पण शेजारी नाही. एक माणूस सोडून.

उरलेली मिनिटं पूर्णेनं पालमला स्वतःच्या अर्ध्यातून बाहेर येऊ दिलं नाही. शेवटच्या क्षणी इरफाननंच लांबून असा फटका मारला की चेंडू मला दिसलाच नाही, नुसता आवाज आला. चामड्यावर चामडं आपटल्याचा. भगवाननं तो छातीशी धरला होता आणि तो खाली बसला होता, आणि शिट्टी वाजेपर्यंत उठलाच नाही.

घागर भरायला सगळे नदीवर उतरले. पहिली ओंजळ पालमची, दुसरी पूर्णेची, हा रिवाज. इरफान पाणी प्यायला, त्यानं तोंड पुसलं आणि मला बोलावलं. "काका, तुमी बी प्या. तुमी नसता तर आमाला एवढा विचार करावा लागला नसता."

पालम, सोमवार

रविवारी संध्याकाळीच त्याच जीपमधून पालमला परतलो. घागर भगवानच्या मांडीवर होती. गाव वेशीवर आलं होतं, आणि घागर फळीवर ठेवताना भगवानच्या आईनं आधी फळी पदरानं पुसली, तीन वर्षांत तिच्यावर कधी धूळ बसू दिलेली नसताना.

सकाळी बसस्टँडमागं ट्रक लागले. पोती, भांडी, एक शिलाई मशीन, दोन कोंबड्या. भगवाननं आज दाढी केली होती आणि तो चक्क बोलत होता. ट्रकच्या चालकाला नामदेवचा गोल हातवारे करून सांगत होता, दुसऱ्यांदा. सुनीता पोत्यांवर चढून बसली होती.

"कुठं जाताय यंदा?" मी विचारलं.

"तुमच्याच कोल्हापूरकडं की."

हिवाळ्यात आमच्या रस्त्यांवरून उसाच्या बैलगाड्या जातात, मोळ्यांवर माणसं बसलेली असतात. आम्ही वाट मिळत नाही म्हणून हॉर्न वाजवतो. त्यांतला कुणी गोलकीपर असेल, असं कधी मनात आलं नव्हतं. मी पत्ता लिहून दिला आणि जेवायला यायचं कबूल करून घेतलं. तांबडा रस्सा मी, सुशीला तुम्ही, असं ठरलं.

ट्रक सुरू झाला. मी खालून ओरडलो, "पुढच्या वर्षी फायनलला पुन्हा येतो!"

भगवाननं हात हलवला. सुनीतानं डोक्यावरचा पदर सावरला, ट्रकच्या फळीवरून खाली वाकली आणि आवाज चढवून म्हणाली, "या की काका. फायनल येलदरीलाच हाय. पण तुमी पूर्णेलाच उतरा."